हुमणीवर सोडायचं हिरवं जित्राब

गणपती नुकतेच बसले होते. खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाच्या, सरीत उभी राहून मी उसाचं एक बेट दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावायच्या आधीच ते हातात आलं. आठ दिवस पानं पिवळी पडत होती, टोकं करपत होती, आणि घरात सगळ्यांना वाटत होतं की पाण्याची पाळी लांबली म्हणून ऊस सुकतोय. बेटाखाली मुळं नव्हतीच. मुळांच्या जागी चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत माती आणि तिच्यात अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या, मळकट पांढऱ्या, तांबूस डोक्याच्या अळ्या. हीच हुमणी, भुंगेऱ्याची मुळं खाणारी अळी. त्या एका बेटाखाली मी चौदा मोजल्या. त्या वर्षी अर्धा एकर खोडवा उपटून जनावरांपुढे टाकला.

वाळवा तालुक्यात आमचं साडेतीन एकर रान आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला, मध्यम आणि कडेला मुरमाड. दोन एकरांत ऊस, बाकीत सोयाबीन, मका, कधी भुईमूग. तोवर आमच्याकडे हुमणी म्हटलं की फोरेट या विषारी कीटकनाशकाचे दाणे टाकायचे एवढंच ठाऊक. तो वास रानात आठ दिवस राहायचा, माझं डोकं दुखायचं, गांडुळं वर येऊन मरायची आणि पुढच्या वर्षी हुमणी पुन्हा हजर. पुढे 31 डिसेंबर 2020 पासून फोरेटवर देशभर बंदी आली. ती आली नसती तरी मी ते सोडणारच होते, कारण त्याआधीच्या खरिपात मला रानातच दुसरं काहीतरी सापडलं होतं.

बांधाकडेला खुरपताना एक अळी वर आली. हुमणीच, पण हलेना. खुरप्याच्या टोकाने ढकलली तर सुपारीसारखी टणक. अंगावर हिरवट-करड्या पुडीचा थर होता, जुन्या हौदाच्या कडेला शेवाळ वाळलं की जसा रंग येतो तसा. बोट लावलं तर बोटाला हिरवं लागलं. मधोमध मोडली तर आत चिकट काही नाही, सुक्या खोबऱ्यासारखं पांढरं. कुजकट वाससुद्धा नव्हता. काडेपेटीत घालून ती मी कृषी विज्ञान केंद्रात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी भिंगाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, ही मेटारायझियम बुरशी आहे. विकत मिळते, पण तुमच्या रानात ती आधीच राहतेय."

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे 'राहतेय'. बुरशीची पूड आपण औषधासारखी टाकतो, चार दिवसांत काही दिसलं नाही की दुकानदाराला शिव्या घालतो. पण ते जित्राब आहे. त्याला सावली लागते, ओल लागते, खायला लागतं, आणि विष घातलं की ते मरतं. म्हशीची जेवढी काळजी घेता त्याच्या दहावा हिस्सा याची घ्या. मी गेली काही वर्षं काय करते, कुठे चुकले आणि आता काय पाळते ते सगळं लिहिते.

मातीत नेमकं काय चालतं

बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं धुळीएवढं बी, अळीच्या अंगाला चिकटतो. ओल मिळाली की त्याला कोंब फुटतो, आणि तो कोंब अळीची कातडी थोडी पाचक रसाने विरघळवून, थोडी दाबाने भेदून आत शिरतो. अळीने ती खायची गरज नसते, नुसतं अंगाला लागलं तरी पुरतं. आत गेल्यावर ती अळीच्या रक्तात वाढते, काही विषारी द्रव्यं सोडते. अळी आधी खाणं सोडते, मग सुस्तावते, मग मरते. मेल्यावर ओल असेल तर सांध्या-सांध्यांतून पांढरी बुरशी बाहेर येते आणि तीन-चार दिवसांत तिच्यावर हिरवे बीजाणू धरतात. म्हणजे मेलेली एक अळी हे पुढच्या कित्येक अळ्यांसाठी बियाणं. आता असली अळी सापडली की मी फेकत नाही. जिथे प्रादुर्भाव जास्त, तिथल्या बेटाच्या बुडाशी चुरडून मातीआड करते.

ही ओळख फार जुनी आहे. 1879 साली ओडेसा भागात गव्हावरच्या एका भुंगेऱ्याच्या अळ्यांवर इल्या मेच्निकोव्ह या शास्त्रज्ञाने ही हिरवी बुरशी पाहिली आणि तिच्या जोरावर कीड मारता येईल का याचे प्रयोग केले. त्या भुंगेऱ्याचं शास्त्रीय नाव ॲनिसोप्लिया. पाकिटावर आपण 'मेटारायझियम ॲनिसोप्ली' वाचतो ते नाव तिथून आलंय. तो भुंगेरा आपल्या हुमणीच्याच भावकीतला.

पण या बुरशीचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. अळी नसेल तेव्हा ती उपाशी बसत नाही, मुळांशी संसार करते. मुळं जे गोडसर रस मातीत सोडतात त्यावर ती जगते, मुळाभोवती आणि मुळाच्या आतही थोडी शिरून राहते. 2012 साली कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी खूण केलेला नत्र अळ्यांच्या अंगात घातला आणि अळ्या व मुळं यांच्यामध्ये इतकी बारीक जाळी लावली की मूळ पलीकडे जाऊ नये, बुरशीचा धागा मात्र जावा. दोन आठवड्यांनी तो खुणेचा नत्र घेवड्याच्या रोपात सापडला. बुरशीने अळी मारली आणि तिच्या अंगातला नत्र मुळाला आणून दिला. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे राखणदाराला जेवायला घाटलं की त्यो घरात धान्य आणून टाकतोय." याहून सोपं मला सांगता येणार नाही. म्हणूनच बुरशी टाकायची ती मुळाजवळ. मोकळ्या सरीत विस्कटून टाकली तर तिला ना मूळ मिळतं ना अळी.

आधी आपल्या रानात आहे का ते बघा

हे पावसाळ्यात करा, फुकट होतं. रानात चार-पाच ठिकाणी वीतभर खणून मूठ-मूठ माती घ्या. बांधाकडची आणि झाडाखालची आवर्जून घ्या, तिथे नांगर आणि औषध कमी पोचतं. प्रत्येक ठिकाणची माती वेगळ्या बरणीत ठेवा. ओल एवढी असावी की मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा, पाणी सुटू नये. मग जुन्या तांदळात किंवा रव्यात जाळी करणाऱ्या अळ्या होतात त्या प्रत्येक बरणीत पाच-सहा सोडा. झाकणाला सुईने भोकं पाडून बरणी घरात सावलीला ठेवा. पहिले पाच दिवस रोज एकदा बरणी उलटी करा, म्हणजे अळ्या वर येण्यासाठी मातीतून फिरत राहतात आणि बीजाणू अंगाला लागतात. दहा ते चौदा दिवसांनी माती कागदावर ओता. टणक आणि हिरवी पूड चढलेली अळी दिसली तर मेटारायझियम असण्याची शक्यता मोठी. पिठात घोळल्यासारखी पांढरी असेल तर बहुधा बिव्हेरिया, कीड मारणारी दुसरी बुरशी. काळी पडून लिबलिबीत झालेली, घाण वास मारणारी अळी जिवाणूंनी मेलेली असते, ती मोजू नका.

आमच्या पाच बरण्यांत बांधाकडेच्या दोन बरण्यांत हिरव्या अळ्या निघाल्या. उसाच्या मधल्या पट्ट्यातल्या मातीत, जिथे वर्षानुवर्षं फोरेट पडलं आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवलं, तिथे एकही नाही. शेजारच्या भाऊजींना बोलावून कागद दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वैनी, बांधानं राखलंय आन् आपण जाळलंय."

पूड विकत घेताना आणि घेतल्यावर

पाकिटावर तीन गोष्टी बघा. बुरशीचं नाव, ग्रॅममागे बीजाणूंची संख्या (साधारण 1×10⁸ सीएफयू, म्हणजे ग्रॅमला दहा कोटी जिवंत बीजाणू), आणि उत्पादनाची व मुदतीची तारीख. चौथी गोष्ट पाकिटावर नसते, ती दुकानात बघायची: माल कुठे ठेवलाय. पत्र्याखाली, उन्हाच्या झळेत, कीटकनाशकांच्या खोक्यांवर रचलेला असेल तर तारीख ताजी असली तरी घेऊ नका. मी एकदा एप्रिलमध्ये अशाच एका दुकानातून आठ किलो घेतली. घरी तपासली तर त्यातलं काही जिवंत नव्हतं. शक्यतो कृषी विद्यापीठाच्या, कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून ताजी घ्या, आणि लागेल तेव्हाच घ्या.

तपासायची रीत अशी. दहा लहान वाट्या किंवा कागदी चहाचे कप घ्या. रानातली माती चाळून, कढईत कोरडी भाजून, पूर्ण गार करून ओली करा. पाच कपांतल्या मातीत पाव-पाव चमचा पूड मिसळा, पाच कप तसेच ठेवा. प्रत्येक कपात हुमणीची एकच अळी आणि खायला गाजराचा लहान तुकडा. अळी एकटीच ठेवायची, कारण हुमणीच्या अळ्या एकमेकींना चावतात आणि मग कशाने मेली ते कळत नाही. वरून फडकं बांधा, माती सुकू देऊ नका, गाजर दोन दिवसांआड बदला.

पहिले तीन दिवस काहीही दिसत नाही. माझ्या कपांत पाचव्या दिवशी पूड घातलेल्या दोन अळ्यांनी गाजराला तोंड लावलं नव्हतं. काडीने डिवचलं तर वळायच्या, पण आळसावून. नवव्या दिवशी एक मेली, अकराव्याला दोन. मेलेल्यांना मी हलवलं नाही. तेराव्या दिवशी सकाळी पहिल्या अळीच्या पायांच्या सांध्यांत आणि अंगावरच्या वळ्यांत कापसासारखे बारीक पांढरे ठिपके होते, संध्याकाळी ते एकमेकांना भिडले, आणि सोळाव्या दिवशी अंग हिरवं. पूड न घातलेल्या पाचही अळ्या गाजर कुरतडत होत्या. पाचांतल्या तीन मेल्या तर मी पूड चांगली समजते. एकही नाही तर ती पूड रानात नेऊ नका. लहान अळ्या लवकर मरतात, अंगठ्याएवढ्या झालेल्यांना जास्त दिवस लागतात, हे ध्यानात ठेवून निकाल लावा.

काही जण घरीच अर्धवट शिजवलेल्या तांदळावर बुरशी वाढवतात. मीही कुकरमध्ये पिशव्या शिजवून केली होती. दहा पिशव्यांतल्या सहांत हिरवं आलं, मी हरखले, आणि केंद्रात दाखवल्यावर कळलं की त्यातल्या चार पिशव्यांत भलतीच बुरशी होती, धान्याला लागते ती, जिचं विष माणसालाही बाधतं. डोळ्याला हिरवं ते हिरवं दिसतं. मूळ बियाणं आणि निर्जंतुक खोली नसेल तर घरी वाढवण्याच्या भानगडीत पडू नका, असं मी स्पष्ट सांगते.

शेणखतात मुरवणं

प्रमाण एकरी 8 किलो, म्हणजे हेक्टरी 20 किलो. ती कोरडी पूड थेट रानात फेकू नका, शेणखतातून द्या. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणात ऊब असते, त्या उबेत बीजाणू टिकत नाहीत, शिवाय कच्च्या शेणखतातून हुमणी रानात जाते. उकिरड्यातली गाडी भरताना अळ्या दिसल्या तर आधी खत पसरून कोंबड्या सोडा. आमच्या कोंबड्या अर्ध्या तासात दोन गाड्या खत निवडून देतात.

मी एकरी दीडशे किलो चाळलेलं शेणखत गोठ्याच्या पडवीत, उन्हापावसाच्या आड पसरते. आठ किलो पूड आणि पाण्यात कालवलेला एक किलो गूळ त्यात हाताने मिसळते. नाकाला रुमाल बांधायचा, ती पूड श्वासात गेली की शिंका आणि खोकला लागतो. मग वीतभर उंचीचा ढीग करून वर ओलं बारदान. रोज बारदानावर पाणी शिंपडायचं आणि एक दिवसाआड ढीग हलवायचा. ढिगात हात घातल्यावर गरम लागलं तर लगेच पसरून गार करा. आठ-दहा दिवसांनी खतातून पावसाळी जंगलातल्या मातीसारखा वास येतो. ते खत मी त्याच आठवड्यात रानात नेते.

कधी टाकायचं: इथेच बहुतेकांचं चुकतं

हुमणीचं वर्ष ठरलेलं असतं. वळवाचे पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, जोड लागते, आणि मादी वीतभर खोलीत अंडी घालते. दोन-तीन आठवड्यांत त्यातून अळी निघते. पहिल्या वयात ती कुजलेला पाला, खत असलं मऊ खाते, मुळांना फारसा धक्का लागत नाही. श्रावण-भाद्रपदात ती मोठी होते आणि मुळं फस्त करते. दिवाळीनंतर खोल जाऊन कोष करते, भुंगेरा होते आणि पुढच्या वळवापर्यंत तिथेच पडून राहते.

बुरशीला लहान, पातळ कातडीची, मातीत वर फिरणारी अळी हवी, आणि माती ओली हवी. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या मृगाचा पाऊस लागल्यापासून आषाढ संपेपर्यंत. पहिल्या वर्षी मी पूड मे महिन्यात, भर उन्हात, युरियात मिसळून तापलेल्या सरीत टाकली होती. काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात, बेटं वाळायला लागल्यावर टाकली, तेव्हाही बेटं वाळलीच. तिसऱ्या वर्षी मृगात, वाफशावर (माती ओली पण चिखल नाही अशा वेळी), शेणखतातून, बेटाच्या बुडाशी दिली, आणि गणपतीत बेटं ओढून पाहिली तेव्हा हातात आली नाहीत.

खोडव्यात आणि सुरू (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) उसात मी बेटाच्या एका अंगाला कुदळीने चार बोटं चर घेते, ओंजळभर खत टाकते आणि मातीने झाकते. पूर्वहंगामीची (ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या उसाची) भरणी, म्हणजे बुडाला माती लावणं, त्याच सुमारास आली तर भरणीत देते. आडसालीला (जुलै-ऑगस्टच्या लागणीला) लागणीच्या सरीतच, पण बेण्याला बुरशीनाशक लावलेलं असेल तर तीन आठवडे थांबून. वेळ नेहमी दुपारी चारनंतरची किंवा ढगाळ दिवसाची. कडक ऊन बीजाणू मारतं, म्हणून उघड्यावर पडलेलं खत संध्याकाळपर्यंत झाकून झालंच पाहिजे. नंतर पाऊस उघडला तर हलकं पाणी द्या. तुडुंब भरू नका, ओल टिकली म्हणजे झालं. पाण्यात मिसळून आळवणी करायची असेल तर लिटरला 5 ग्रॅम, पंपाचा नोझल काढून बेटाच्या बुडाशी.

आणि बेटं वाळायला लागली असतील तर? तेव्हा बुरशीच्या भरवशावर बसू नका. वाळणारं बेट कुदळीने खणून अळ्या वेचा, रॉकेलच्या पाण्यात टाका. त्या वर्षी बुरशी टाकली तरी ती पुढच्या वर्षाची तयारी समजा.

भुंगेरे: एक संध्याकाळ

बुरशी एकटीने सगळं पेलत नाही. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवानंतर कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर पाला खायला जमतात, आणि तिथे एक भुंगेरा मारला की पुढचं सगळं अंड्यांचं रामायण टळतं. आमच्या बांधावर दोन कडुनिंब आहेत. पाऊस पडून गेलेल्या दिवशी सात वाजता आम्ही खाली जुनी ताडपत्री अंथरून बसतो. सव्वासात-साडेसातला अंधार दाटतो आणि जमिनीतून एकेक भुंगेरा सुटतो, अंगावर आपटतो. थोड्या वेळाने झाडातून पाला कुरतडल्याची बारीक करकर ऐकू येते. आठला आकडीच्या काठीने फांदी जोरात हलवायची, गारांसारखे ताडपत्रीवर पडतात. मुलं बॅटरीच्या उजेडात ते रॉकेल घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात लोटतात. हे तीन-चार संध्याकाळी करावं लागतं, आणि वाडीतल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच अर्थ आहे. भुंगेऱ्याला सातबारा कळत नाही. नदीकाठच्या हुमणीची जात वेगळी, तिचे भुंगेरे असे पाल्यावर चरायला जमत नाहीत, त्यामुळे काठावरच्या भावांनी सगळा भर मातीवर द्यावा.

जित्राब जगवायचं कसं

पाचट जाळू नका. हे मी हात जोडून सांगते. पाचट पेटवलं की वरच्या दोन-तीन बोटं मातीतला जीव भाजतो, आणि वर उरलेली माती उन्हात उघडी पडते. आम्ही तोडणीनंतर पाचट सरीत दाबतो, बुडखे जमिनीलगत छाटतो आणि पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकतो. त्या आच्छादनाखाली चैत्रातही माती गार लागते. बरणीची परीक्षा तीन वर्षांनी पुन्हा केली तेव्हा मधल्या पट्ट्यातल्या मातीतही एक हिरवी अळी निघाली. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

बुरशीनाशक आणि ही बुरशी एकाच पंपात, एकाच टाकीत कधीही नको. मँकोझेब, कार्बेन्डाझिम, तांब्याची औषधं, बोर्डो, सगळी हिला मारतात. आधी-नंतर पंधरा दिवस मोकळे ठेवा, आणि जुना पंप तीनदा धुऊन घ्या. माझ्याकडे बुरशीसाठी वेगळा पंपच आहे, त्यावर हिरवी चिंधी बांधलीय. रासायनिक खतही तिच्यात मिसळू नका, आठवडाभराच्या अंतराने द्या.

शेजारी कोणी रेशीम किडे पाळत असेल तर आधी त्यांच्याशी बोला. बिव्हेरिया तर रेशीम किड्यांच्या रोगाचीच बुरशी. 1835 साली इटलीत अगोस्तिनो बासी यांनी त्या रोगाचं मूळ शोधलं, म्हणून तिच्या नावात 'बासियाना' आहे. मेटारायझियमही रेशीम किड्याला लागते. तुतीच्या बाजूला फवारणी करू नका, नुसती मातीत झाकून दिलीत तरी पुरे.

मक्याचंही थोडं सांगते. मका खाणारी अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोचली. पोंग्यात (मक्याच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) अळी लहान असतानाच, संध्याकाळी, लिटरला 5 ग्रॅम मेटारायझियम पोंग्यात पडेल असं फवारा. ढगाळ, दमट हवेत सोयाबीनच्या नाहीतर मक्याच्या पानावर पांढऱ्या, मग हिरवट होऊन चिकटलेल्या कडक अळ्या दिसतात ना, ती हिचीच बहीण, मेटारायझियम रिलेई, कोणी न टाकता आलेली. अशा अळ्या ठिकठिकाणी दिसायला लागल्या की मी कीटकनाशकाचा पंप घरीच ठेवते आणि तीन दिवसांनी पुन्हा बघते. बहुतेक वेळा फवारणी वाचते.

मुळांना जोडणारी दुसरी बुरशी

मायकोरायझा ही अळी मारणारी बुरशी नव्हे. ती मुळात राहते आणि बाहेर लांबवर धागे सोडून स्फुरद, पाणी ओढून आणते. पण तिच्यामुळे झाड सावधही होतं: कीड चावल्यावर आपल्या बचावाची द्रव्यं ते लवकर बनवतं. ब्रिटनमध्ये 2013 साली वालासारख्या शेंगांच्या एका पिकावर प्रयोग झाला. एका रोपावर मावा सोडला, तर या बुरशीच्या धाग्यांनी जोडलेल्या शेजारच्या रोपांनी, ज्यांच्यावर मावा नव्हता, माव्याला दूर सारणारा आणि माव्याच्या शत्रूला बोलावणारा वास सोडायला सुरुवात केली. धागे तोडले तर निरोप पोचला नाही.

ती जगते फक्त जिवंत मुळावर, म्हणून रान मोकळं पडीक ठेवू नका, उसानंतर ताग, चवळी, मका काहीतरी उभं असू द्या. डीएपी या स्फुरदाच्या खताचा मारा केला की झाडाला तिची गरज उरत नाही आणि ती कमी होते. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक यांच्या मुळांशी ती जमत नाही, तिथे तिच्यावर पैसे घालू नका. रोपवाटिकेत द्यायची असेल तर वाफ्यात बियाण्याच्या खाली, मुळाला भेटेल अशी द्या. मी मातीच्या कुंडीत मका लावून त्याच्या मुळांवर ती वाढवते: चाळलेली माती आणि वाळू, मधोमध विकतची मूठभर मायकोरायझा, त्यावर मक्याचे चार दाणे. दोन-अडीच महिन्यांनी पाणी तोडते, मका सुकू देते, मुळं बारीक चिरते आणि त्याच मातीसकट मिरचीच्या वाफ्यात घालते. या खरिपासाठीच्या दोन कुंड्या सध्या पडवीत आहेत, मका गुडघ्याला लागलाय. मेटारायझियमची पूड मात्र अजून आणलेली नाही. ती रोहिणी निघाल्यावर आणायची, म्हणजे मृगापर्यंत खतात मुरते.